चकमकीची रायफल चालवायला शिकताना

चकमकीच्या रायफलीचा चाप ओढला की गोळी लगेच सुटत नाही. आधी घोडा पुढे झेपावतो, त्याच्या जबड्यातला दगड पोलादी पातीला घासत खाली येतो, ठिणग्या वाटीतल्या दारूवर पडतात, ती भडकते, तिची आग नळीच्या बुडाशी असलेल्या बारीक छिद्रातून आत शिरते आणि मग आतला बार उडतो. ठिणगी पाडणारं हे यंत्र, म्हणजे लॉक, चांगलं असेल तर हे सगळं सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत उरकतं. पण तेवढ्यात नवख्याचे डोळे मिटतात, खांदा उडतो, डोकं वर येतं आणि गोळी भलतीकडे जाते. ही रायफल शिकायची म्हणजे मुख्यतः तो हिस्सा शिकायचा. दारू, गोळी, चिंधी, दगड यांची सगळी उस्तवार करायची ती तो वेळ दर बाराला सारखाच लागावा म्हणून.

बंदुकीला हात लावण्यापूर्वी कायदा बघा. काही देशांत जुन्या पद्धतीच्या ठासणीच्या बंदुकांना सवलत असते, काही देशांत त्यांनाही इतर बंदुकीसारखाच परवाना लागतो, आणि काळ्या दारूच्या खरेदी-साठवणीचे नियम बऱ्याचदा वेगळेच असतात. बंदूक, दारू आणि नेमबाजीची जागा या तिन्हींची चौकशी वेगवेगळी करा. पहिले काही बार मात्र एखाद्या जाणत्या माणसाला शेजारी उभं करूनच उडवा.

लॉक आधी ओळखा

दगड धरणारा तो घोडा. ज्या उभ्या पोलादी पातीवर दगड आपटतो तिला फ्रिझन म्हणतात. तीच खाली वळून वाटीचं झाकणही होते. वाटीत टाकायची बारीक दारू म्हणजे रंजक, आणि वाटीतून नळीत जाणारं छिद्र म्हणजे कान. या कानाचा व्यास साधारण दीड ते दोन मिलिमीटर. एवढ्याशा भोकावर सगळा खेळ अवलंबून असतो.

ठिणगी दगडाची नसते. दगडाची धार फ्रिझनवरून पोलादाचे सूक्ष्म कण तासते आणि ते कण हवेत पेटतात. म्हणून फ्रिझन कडक हवी. ती मऊ असेल तर दगड तिच्यात चरे पाडतो आणि ठिणग्या मोजून दोनचार पडतात. रायफल विकत घेण्याआधी ती रिकामी असल्याची खात्री करा आणि अंधाऱ्या खोलीत घोडा पाडून बघा. ठिणग्यांचा झोत वाटीत पडला पाहिजे. नुसता लखलखाट झाला आणि ठिणग्या बाहेर सांडल्या, तर लॉक कितीही देखणं असो, ती रायफल घेऊ नका.

घोड्याच्या तीन अवस्था असतात: उतरलेला, अर्धा चढवलेला आणि पूर्ण चढवलेला. अर्ध्यावर असताना चाप ओढला तरी घोडा पडता कामा नये. मात्र आतली खाच झिजली की तो पडतो, तेव्हा अर्ध्या घोड्याला कुलूप समजू नका. नळीचं तोंड कुठे आहे हीच खरी सुरक्षा.

या यंत्राचा पक्का घाट १७व्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये घडला. त्याचं श्रेय सहसा मारँ ल बूर्ज्वा या कारागिराला देतात. पुढची दोनशे वर्षं युद्ध आणि शिकार याच लॉकवर चालली. जर्मन कारागीर आपली आखूड, जाड नळीची येगर रायफल घेऊन पेनसिल्व्हेनियात गेले आणि तिथे तिची लांब, सडपातळ अमेरिकी रायफल झाली. इंग्रजी सैन्याने १८००च्या सुमारास बेकर रायफल घेतली. १८०७ मध्ये स्कॉटलंडच्या अलेक्झांडर फोर्साइथ या पाद्र्याने आघाताने पेटणाऱ्या मसाल्याचं पेटंट घेतलं. त्यातून पुढे टोपीची, म्हणजे दगडाऐवजी घोड्याच्या आघाताने पेटणारी छोटी टोपी वापरणारी बंदूक आली आणि चकमक मागे पडली. आज बाजारात नव्या मिळतात त्या बहुतेक पेनसिल्व्हेनियाच्या वळणाच्या.

कोणती रायफल

बरेच जण सांगतात की आधी टोपीच्या बंदुकीवर हात बसवा, मग चकमकीकडे या. मला हे पटत नाही. टोपीची बंदूक लवकर पेटते, त्यामुळे चाप ओढल्यावर स्थिर राहायची सवय तिच्यावर लागत नाही आणि ती सवय नंतर लावणं जड जातं. चकमकच शिकायची असेल तर चकमकीपासूनच सुरू करा.

कॅलिबर, म्हणजे नळीचा आतला व्यास, ०.५० इंच घ्या. गोळ्या, गजाची (गोळी नळीत ठासायच्या दांड्याची) टोकं, साफसफाईचं सामान सहज मिळतं आणि धक्काही सोसवतो. शिकार कधीच करायची नसेल तर ०.४५ आणखी बरी. तिची गोळी सुमारे १२८ ग्रेनची असते, तर ०.५०ची सुमारे १७७ ग्रेनची, त्यामुळे शिसं आणि दारू दोन्ही कमी लागतात. ग्रेन हे जुनं वजन आहे, एक ग्रेन म्हणजे जेमतेम ०.०६५ ग्रॅम.

नळीच्या आतल्या आट्यांचा (गोळीला फिरवणाऱ्या चरांचा) पीळ विचारून घ्या. गोल गोळीला सावकाश पीळ मानवतो, म्हणजे ६० ते ७० इंचांत एक फेरा. ४८ इंचांत एक फेरा असलेल्या नळ्या तडजोडीच्या असतात, पण शिकायला चालतात. याहून घट्ट पिळाच्या नळ्या लांबट गोळीसाठी असतात, त्या सोडून द्या.

डावखुऱ्या माणसाने डाव्या बाजूला लॉक असलेली रायफल मिळते का ते आधी शोधावं. उजव्या लॉकची रायफल डाव्या खांद्याला लावली तर वाटीतला भडका अगदी चेहऱ्यासमोर होतो.

जुनी, वापरलेली रायफल घेताना गज नळीत पूर्ण घाला, तोंडापाशी बोटाने खूण धरा आणि तोच गज नळीला बाहेरून लावून बघा. गजाचं टोक कानाजवळ पोचलं पाहिजे. चार-पाच सेंटिमीटर अलीकडेच अडलं तर आत कुणीतरी बार भरून ठेवलाय असं धरून चाला. भिंतीवर पिढ्यान्पिढ्या टांगलेल्या बंदुकीबाबत हे नेहमी करा, आणि जाणकार बंदूक-कारागिराने तपासल्याशिवाय तिच्यात दारू घालूच नका.

दारू

खरी काळी दारूच वापरायची. ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक असं तिचं रूढ प्रमाण. ती घरी करायची नाही. कारखान्यात दाणे पाडून, चाळून आलेली विकत घ्यायची. काळ्या दारूला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या भुकट्या पेटायला जास्त उष्णता लागते, म्हणून टोपीच्या बंदुकीत त्या चालतात, चकमकीत मात्र कुरकुरतात. आणि आधुनिक धूररहित दारू ठासणीच्या बंदुकीत चिमूटभरही घालायची नाही. तिच्या दाबाने नळी फुटते.

दाण्याचा आकार डब्यावर एफ या अक्षराने दिलेला असतो. एफ जितके जास्त, तितका दाणा बारीक. ०.५० आणि त्याखालच्या नळ्यांना तीन एफ, त्याहून मोठ्यांना दोन एफ, रंजकाला चार एफ. दोन डबे बाळगायचे नसतील तर तीन एफच वाटीतही टाका. पेटायला किंचित उशीर लागेल, पण तो नवशिक्याला जाणवतही नाही. चार एफ मात्र नळीत मुख्य बार म्हणून कधीच नाही.

माप आकारमानाने घेतात. ०.५० ला निशाणासाठी ५० ग्रेनच्या मापाने सुरुवात करा. पुढे पाच-पाच ग्रेनने वाढवत गोळ्या कुठल्या मापाला एकमेकींजवळ पडतात ते बघा, मात्र निर्मात्याने दिलेली कमाल मर्यादा ओलांडू नका. जास्त दारू म्हणजे जास्त अचूकता असं नसतं. बहुतेक नळ्या २५ ते ५० मीटरवर हलक्या बारालाच खूश असतात.

गोळी आणि चिंधी

गोळी शुद्ध, मऊ शिशाची. ती नळीपेक्षा थोडी लहान असते आणि उरलेली फट चिंधी भरून काढते. आट्यांची पकड चिंधीला बसते, चिंधीची गोळीला, आणि गोळी फिरत बाहेर पडते. ०.५० च्या नळीला ०.४९० इंचाची गोळी आणि सुमारे ०.०१५ इंच जाडीची चिंधी ही जोडी सहसा जमते. कापड घट्ट विणीचं, धुतलेलं, निव्वळ सुती हवं; कृत्रिम धागा वितळून नळीत चिकटतो. ओंगण म्हणून मेण आणि चरबी किंवा वनस्पती तेल यांचं मिश्रण चालतं. खनिज तेल लावलं की काळ्या दारूच्या काजळीचा डांबरासारखा चिकट थर होतो.

बार उडाल्यावर पुढे पडलेल्या चिंध्या उचलून बघा. नवशिक्याला यांच्याइतकं खरं कुणी सांगत नाही. कडा झिरमिळ्या झालेल्या, पण मधला भाग शाबूत आणि त्यावर आट्यांचे वळ उमटलेले असतील तर जोडी जमली. मधोमध भोक पडलं असेल तर कापड पातळ आहे किंवा ओंगण कमी आहे. गोल कापल्यासारखी चिरली असेल तर नळीच्या तोंडाची धार फार तीक्ष्ण आहे.

दगड बसवणं

इंग्लंडमधल्या ब्रँडनचा काळा दगड आणि फ्रान्सचा मधाच्या रंगाचा दगड, दोन्ही नावाजलेले आहेत. यंत्रावर कापलेले अकीकही मिळतात. ते एकसारखे असतात, पण धार गेली की पुन्हा काढणं अवघड. दगडाची रुंदी फ्रिझनच्या रुंदीपेक्षा जराशी कमी असावी.

पातळ चामड्याच्या घडीत दगड धरा आणि जबड्याचा स्क्रू हलका आवळा. घोडा अर्ध्यावर चढवा, फ्रिझन मिटवा आणि दगडाची धार तिच्या किती जवळ आहे ते बघा. जवळजवळ टेकेल इतकी हवी, पण टेकलेली नको. धार फ्रिझनला समांतर आहे ना? एकच कोपरा आधी लागत असेल तर ठिणग्या निम्म्या होतात. मग रिकाम्या बंदुकीचा घोडा हाताने धरून हळूहळू पुढे न्या. दगड फ्रिझनच्या वरच्या तिसऱ्या भागात टेकला पाहिजे. फारच खाली लागत असेल तर दगड उलटा करा, म्हणजे उताराची बाजू खाली, आणि पुन्हा बघा. लॉकागणिक यातलं काही ना काही वेगळं निघतं. सगळं जुळलं की स्क्रू घट्ट आवळा, आणि पहिल्या दोनचार बारांनंतर पुन्हा आवळा, कारण चामडं दबतं.

दारूशिवायचा सराव

दगड काढा आणि त्याच मापाचा लाकडाचा तुकडा जबड्यात बसवा. फ्रिझन झिजत नाही, ठिणगी पडत नाही आणि घोडा पडल्याचा झटका मात्र खराखुरा मिळतो. बंदूक रिकामी आहे हे गजाने पडताळा, भिंतीवर एक ठिपका काढा, माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, त्याच्यावर धरा, चाप ओढा. घोडा पडला तेव्हा माशी ठिपक्यावर होती का? नसेल तर ती कुठे गेली हे सांगता यायला हवं. ते सांगता येत नसेल तर त्या क्षणी तुमचे डोळे मिटलेले होते. हे कंटाळवाणं आहे, आणि याला पर्याय नाही.

बार भरणं

डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षण, स्वतःला आणि बघ्यांनाही. कपडे सुती किंवा लोकरी. आसपास विडी-सिगारेट नको आणि दारूचा डबा उघडा नको. उजव्या लॉकच्या बंदुकीच्या उजव्या हाताला कुणी उभं राहायचं नाही. कानातून आगीचा झोत आडवा बाहेर येतो.

आधी नळीतलं तेल कोरड्या चिंधीने पुसा आणि कानात बारीक तार घालून तो मोकळा करा. मग क्रम असा:

१. घोडा उतरवलेला, फ्रिझन उघडी, कानात तार तशीच. या स्थितीत दगडाला आपटायला काही उरतच नाही. दस्ता जमिनीवर, नळीचं तोंड चेहऱ्यापासून लांब.

२. डब्यातून मापात दारू घ्या, डबा बंद करून बाजूला ठेवा, मगच मापातली दारू नळीत ओता. डब्यातून किंवा दारू ठेवायच्या शिंगातून थेट नळीत कधीच नाही. मागच्या बाराचा एखादा निखारा आत धुमसत असेल तर मापातली दारू भडकेल आणि हात पोळेल. डबा तोंडाशी असेल तर अख्खा डबा फुटेल.

३. ओंगण लावलेली चिंधी तोंडावर, तिच्यावर गोळी, ओतीव गोळीचा चपटा डाग वर. आखूड ठासणीने तिला तोंडाच्या आत ढकला.

४. आता गज. तो तोंडापासून १५-२० सेंटिमीटरवरच धरायचा आणि छोट्या छोट्या टप्प्यांत खाली न्यायचा. वर लांब धरून जोर लावला की लाकडी गज मोडतो आणि त्याची ढलपी तळहातात घुसते. गोळी दारूवर नीट टेकली पाहिजे, पण तिला कुटायचं नाही. मध्ये पोकळी राहिली तर दाबाने नळी त्या जागी फुगते. पहिल्याच दिवशी गजावर दोन खुणा करून घ्या, एक रिकाम्या नळीची आणि एक नेहमीच्या बाराची. मग गोळी कुठे आहे याचा अंदाज बांधावा लागत नाही.

५. गज बाहेर काढा आणि जागेवर ठेवा. नळीतच विसरलेला गज गोळीसोबत उडतो.

६. आता नेमबाजीच्या रेषेवर जा. तोंड निशाणाकडे ठेवून घोडा अर्ध्यावर चढवा, कानातली तार काढा, वाटीत तीन-चार ग्रेन रंजक टाका आणि फ्रिझन मिटवा. वाटी शिगोशीग भरायची नाही. कान दारूने बुजला तर आग त्यातून झेपावत नाही, दाण्यादाण्याने जळत आत जाते आणि बार रेंगाळतो.

७. पूर्ण घोडा फक्त नेम धरताना.

बार उडवणं

लांब रायफलींच्या दस्त्याचं टोक बहुधा चंद्रकोरीसारखं असतं. ते खांद्याच्या खोलगटात रुतवलं तर त्याची टोकं बोचतात. ते दंडाच्या वरच्या भागावर, खांद्याच्या सांध्याच्या किंचित बाहेर टेकवायचं आणि अंग निशाणाला जरा जास्त आडवं धरायचं. दोन चापांची रायफल असेल तर मागचा चाप ओढून पुढचा हलका करतात. तो केसाइतक्या स्पर्शाने सुटतो, म्हणून नेम बसेपर्यंत बोट बाहेर.

२५ मीटरवर, टेकूवरून सुरुवात करा. माशीवर नजर, सावकाश चाप, आणि घोडा पडल्यावर काहीच करायचं नाही. भडका दिसेल, धूर येईल. धुरापलीकडे माशी जिथे होती तिथेच आहे, तिच्याकडेच बघत राहायचं. निशाण कुठे लागलं हे बघायला डोकं वर काढायची घाई झाली की खेळ बिघडतो.

प्रत्येक बारानंतर किंचित ओलसर चिंधी एकदा नळीतून फिरवा, उलटून पुन्हा फिरवा, मग कोरडी. फार ओली केली तर काजळीचा चिखल खाली जाऊन कानात बसतो. वाटी, फ्रिझनचा चेहरा आणि दगडाची खालची बाजू कापडाने पुसा. दमट हवेत वाटीतली काजळी पाणी ओढते आणि नवं रंजक टाकता टाकता भिजतं, तेव्हा तिथे ही पुसापुशी सोडून चालत नाही.

सगळ्या गोळ्या एकत्र, पण एका बाजूला पडत असतील तर तो दोष नेम धरायच्या दर्शकाचा. माशी पुष्कळदा मुद्दाम उंच ठेवलेली येते; ती कानशीने खाली घासली की गोळी वर जाते. पण घासलेलं परत येत नाही. दारूचं माप आणि चिंधी ठरल्याशिवाय, वेगवेगळ्या दिवशी तोच निकाल आल्याशिवाय कानस हातात घेऊ नका.

बार उडाला नाही तर

नळी निशाणाकडेच धरून निदान एक मिनिट थांबा. रेंगाळलेला बार कधीही उडू शकतो. कानासमोर हात नको, तोंडाकडे डोकावणं तर नकोच.

मग काय झालं ते आठवा. ठिणगीच पडली नाही, तर दगडाची धार गेली आहे किंवा फ्रिझन तेलकट आहे. धार छोट्या पितळी हत्याराने कडेकडेने टिचक्या मारत नवी काढता येते, पण हे बंदूक रिकामी असताना. भरलेल्या बंदुकीवर वाटी पुसून, फ्रिझन उघडी ठेवून सरळ दगड बदला. ठिणगी पडली पण वाटी भडकली नाही, तर रंजक दमट आहे. पुसून नवं टाका. वाटी भडकली आणि आत काही नाही, तर कान तारेने मोकळा करा, नवं रंजक टाका, पुन्हा प्रयत्न करा. दोनतीनदा तेच झालं तर दारू घालायचीच राहून गोळी ठासली गेली असण्याची दाट शक्यता आहे. हे सगळ्यांचंच कधी ना कधी होतं. अशा वेळी कानातून थोडी थोडी बारीक दारू आत सारतात, गोळी गजाने पुन्हा खाली टेकवतात आणि बार उडवून ती बाहेर काढतात. गजाला लावायचा गोळी-ओढणारा स्क्रूही मिळतो. दोन्ही कामं पहिल्यांदा जाणत्याच्या हातून बघा.

धुणं

काळ्या दारूचं निम्म्याहून जास्त वजन जळल्यावर क्षार आणि राख म्हणून मागे उरतं. हे क्षार हवेतलं पाणी शोषतात आणि नळीला गंज चढतो. म्हणून त्याच दिवशी धुवायचं, दुसऱ्या दिवशीवर टाकायचं नाही.

याला महागडं द्रावण लागत नाही, पाणी पुरतं. कोमट घ्या, उकळतं घातलं की तापलेल्या धातूवर डोळ्यांदेखत तांबूस गंजाची झाक येते. लॉक स्क्रू काढून बाहेर घ्या, जुन्या दातब्रशाने घासा, कोरडं करा, आतल्या सांध्यांना तेलाचा एकेक थेंब. नळी लाकडापासून सुटत असेल तर कानाचं टोक पाण्यात बुडवून गजाला चिंधी लावून वरखाली करा. पाणी आत ओढलं जातं आणि काळं होऊन बाहेर येतं. नळी सुटत नसेल तर कान काडीने बुजवून आत थोडं पाणी घाला, हलवा, ओता, आणि चिंध्या पांढऱ्या येईपर्यंत फिरवा. मग कोरड्या चिंध्या, आणि शेवटी तेलाची एक.

दुसऱ्या दिवशी पुन्हा एक कोरडी चिंधी फिरवून बघा. तपकिरी आली तर आदल्या दिवशी पाणी कमी पडलं होतं. पुन्हा धुवा, पुन्हा तेल लावा. रायफल ठेवताना नळीचं तोंड खाली करून ठेवा, म्हणजे तेल ओघळून कानात आणि लॉकमागच्या लाकडात मुरत नाही.